अडीच गाणी राहिली आहेत

आपल्या मंडळाचे अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीतले सगळे काका, दादा, वहिनी,

सप्रेम नमस्कार.

मंडळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल आणि बाकीच्यांनी इंदूरातल्या कुठल्याही मराठी हॉलचं नाव मनात घालून वाचलं तरी चालेल. हे पत्र आधी तुम्हाला हाताने लिहून दिलं होतं, आवक रजिस्टरमध्ये नोंद आहे, तीन आठवडे झाले उत्तर आलं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर टाकतेय. तुमच्यातले निम्मे जण मला लहानपणापासून ओळखतात, माझ्या बाबांच्या बाराव्याला तुम्हीच सगळं उभं राहून केलं होतं, त्यामुळे लिहिताना हात जड होतोय, पण गप्पही बसवत नाही.

मागच्या महिन्यात तिसऱ्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी मी पोह्यांवर शेव आणि जीरावन टाकत होते आणि ग्रुपवर सचिवदादांचा मेसेज आला की रेकॉर्ड ऐकण्याचा मासिक कार्यक्रम पुढील सूचनेपर्यंत बंद, त्या शनिवारी हॉल फॅमिली फंक्शनला भाड्याने देणार, पुढे कधी झालाच तर फक्त मराठी-हिंदी आणि तीही आनंदी गाणी, आणि स्टोअरमधला रेकॉर्ड प्लेअर नि खोकी जागा अडवतात म्हणून महिनाअखेरपर्यंत ज्याचं त्याने उचलून न्यावं. त्याच्याखाली कार्यकारिणीतल्या एकांनी लिहिलं, ‘बरं झालं, ते परदेशी रडगाणं बंद झालं.’ आणि त्याला अकरा जणांनी अंगठा दिला. मी मोजले.

रडगाणं. या शब्दावरच मी अडकलेय.

आदल्या दिवशी आम्ही काय ऐकत होतो ते आधी सांगते, कारण अंगठा देणाऱ्या अकरांपैकी नऊ जण तिथे नव्हतेच. आम्ही जोनी मिचेल या कॅनडाच्या बाईचा ‘ब्लू’ नावाचा अल्बम ऐकत होतो. १९७१ च्या जूनमध्ये आलेला, दहा गाणी, सगळी तिने स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली, स्वतः गायलेली. वाजवलंयही बहुतेक तिनेच, कधी पियानो, कधी गिटार, कधी मांडीवर आडवं घेऊन वाजवायचं डल्सिमर नावाचं तंतुवाद्य. दोन-चार मित्र येऊन एखाद्या गाण्यात साथ देऊन जातात, बस. पूर्ण रेकॉर्ड छत्तीस मिनिटांच्या आसपास. आपल्याकडे पाहुण्यांची ओळख करून देऊन शाल-श्रीफळ व्हायलाच तेवढा टाइम लागतो.

मला हा अल्बम १९९४ साली मिळाला. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने टीडीकेच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून दिला होता आणि कॅसेटच्या एकाच बाजूत अख्खा बसला होता, त्यामुळे कितीतरी वर्षं मला माहीतच नव्हतं की मूळ तबकडीला पाच-पाच गाण्यांच्या दोन बाजू आहेत आणि मध्ये उठून ती उलटावी लागते. तेव्हा इंग्रजी धड कळत नव्हतं. एवढं कळलं की ही बाई कोणाला दाखवण्यासाठी गात नाहीये. आवाज मध्येच असा वर उडी मारतो की आपल्याला वाटतं आता निसटणार, आणि निसटत नाही. नंतर वाचलं की त्या रेकॉर्डिंगच्या दिवसांत ती इतकी हळवी झाली होती की स्टुडिओची दारं आतून बंद करून घ्यायला लागायची, कोणी आत आलं तर तिला रडूच यायचं. तिने स्वतः १९७९ च्या एका मुलाखतीत सांगितलंय की सिगारेटच्या पाकिटावर तो पारदर्शक कागद असतो ना, तेव्हा मला तसं वाटायचं, अंगावर काही आवरणच नव्हतं. तिचा एक गायक मित्र तर गाणी ऐकून घाबरला, म्हणाला अगं, थोडं स्वतःजवळही ठेव.

तिने दारं बंद करून गायलं. आणि आपण आठव्या गाण्याच्या मध्ये दार उघडून सगळ्या ट्यूबलाइट लावल्या.

हे मला पुढे सविस्तर सांगायचंय, पण आधी माझा यात काय संबंध ते सांगते. आईला विचारून लिहितेय. ती म्हणाली, लिही, नाव नको. बहिणीलाही फोन केला, ती म्हणाली, काकूंना चालत असेल तर मला चालेल.

हो, ती माझ्या आईला काकू म्हणते. माझी सख्खी धाकटी बहीण. १९७० साली झाली, तेव्हा मी तीन वर्षांची होते. ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागात बाबांचे थोरले भाऊ राहत होते, त्यांना मूल नव्हतं, आजोबांनी ठरवलं की दुसरी मुलगी थोरल्यांना द्यायची. आईला विचारलं का, तर नाही विचारलं. सव्वा महिना झाल्यावर आई तिला घेऊन ग्वाल्हेरला गेली, मला आजीजवळ ठेवलं होतं, आणि चार दिवसांनी आई एकटी परत आली. आमच्याकडे यावर कधी कोणी बोललं नाही. तसं वाईट कोणाचं झालं नाही, काका-काकूंनी तिला तळहाताच्या फोडासारखं वाढवलं, शिकवलं, थाटात लग्न केलं. त्या लग्नात आई काकू म्हणूनच मिरवली. पण घरात या गोष्टीला शब्दच नव्हता, आणि ज्याला शब्द नसतो ते माणूस किती वर्षं उचलून चालू शकतं हे मी माझ्या आईकडे बघून सांगू शकते, पंचावन्न वर्षं.

आता ‘ब्लू’मधलं तिसरं गाणं. ‘लिटल ग्रीन’. जोनी मिचेल एकवीस वर्षांची होती, लग्न झालं नव्हतं, हातात पैसे नव्हते, घरी आईवडलांना सांगायची सोय नव्हती, आणि १९६५ च्या फेब्रुवारीत टोरंटोत तिला मुलगी झाली. ती तिने दत्तक दिली. हे गाणं त्या मुलीसाठी आहे. १९७१ मध्ये ज्यांनी रेकॉर्ड विकत घेऊन ऐकली त्यांच्यातल्या बहुतेकांना याचा पत्ताच नव्हता, एक गोड, थोडं कोड्यातलं गाणं म्हणून लोक ऐकत राहिले. उघड झालं ते वीसेक वर्षांनी. म्हणजे बाईने सगळ्या जगासमोर सांगितलंही आणि लपवूनही ठेवलं, दोन्ही एकाच गाण्यात, एक गिटार घेऊन, आवाज जराही न चढवता. मला हे आजही कळत नाही की ती ते कसं करू शकली. ते गाणं आरडाओरडा करत नाही, कोणाला दोष देत नाही, पोरीला कपडे नीट घालून, वेणी घालून निरोप द्यावा तसं आहे.

मी कार्यक्रमासाठी दहाही गाण्यांचा भावार्थ मराठीत लिहिला होता, दोन पानं, एकतीस झेरॉक्स काढल्या आणि त्या दिवशी बरोबर एकतीस माणसं आली. आई पहिल्या रांगेत, पंख्याच्या खाली. ती नेहमीच येते, गुडघे दुखत असले तरी येते, पण या वेळी मी तिला तिसऱ्या गाण्याबद्दल आधी काहीच सांगितलं नव्हतं, कागदावर लिहिलं होतं तेवढंच. दिवे बंद होते, फक्त अँप्लिफायरचा छोटा लाल दिवा. गाणं संपलं तेव्हा तिने माझा हात ओढला आणि कानात विचारलं, ‘भेटली का गं तिला ती परत?’ मी सांगितलं, भेटली, १९९७ साली, बत्तीस वर्षांनी. आई म्हणाली, ‘मग बरं.’ आणि हात सोडला नाही. पाचवं गाणं संपेपर्यंत.

पहिली बाजू संपल्यावर अण्णांनी तबकडी उलटली. आपले अण्णा, ज्यांनी चाळीस वर्षं लग्नाकार्यात लाउडस्पीकर लावले आणि ज्यांच्यामुळे हा कार्यक्रम अकरा वर्षं चालला. तुमच्यातल्या किती जणांनी त्यांना सुई ठेवताना जवळून पाहिलंय मला माहीत नाही. मखमलीचा ब्रश तबकडीवर धरतात, ती एक पूर्ण चक्कर फिरू देतात, ब्रश उचलून फुंकर मारत नाहीत, फुंकरीत थुंकी जाते म्हणतात, रुमालावर टिपतात, आणि मग उजव्या हाताचं मनगट डाव्या हातावर टेकवून सुई इतकी हळू खाली सोडतात की ती टेकल्याचा आवाज स्पीकरमधून येतच नाही, नुसती खरखर सुरू होते. अण्णांचा एक पाय लहानपणीच्या पोलिओचा. त्या दिवशी सुरुवातीला मी बोलले होते की जोनीला नवव्या वर्षी पोलिओ झाला, डाव्या हातातली ताकद कमी राहिली, गिटारवर सगळे जसे बोटं दाबून सूर धरतात तसं तिला नीट जमेना, म्हणून तिने तारा आपल्या सोयीने वेगळ्याच सुरांत लावल्या आणि त्यातून तिचे ते वेगळेच स्वर निघाले. अण्णा तबकडी उलटता उलटता मला म्हणाले, ‘म्हणजे वाद्यच हाताप्रमाणे करून घेतलं की.’ एवढंच. पण त्या बाईबद्दल मी वाचलेल्या सगळ्या लेखांपेक्षा मला ते वाक्य जास्त आवडलं.

मग दुसरी बाजू. ‘कॅलिफोर्निया’ सुरू झालं तेव्हा मागच्या रांगेतली दोन कॉलेजची पोरं पायाने ताल धरत होती, मी बघितलं. रडगाणं म्हणणाऱ्यांना मला हे सांगायचंय की या अल्बममध्ये हसणंही आहे, समुद्रकिनारा आहे, क्रीटच्या बेटावर मटाला नावाच्या गावात गुहांत राहणारी फिरस्ती पोरंपोरी आहेत, ती स्वतः १९७० मध्ये तिथे जाऊन राहिली होती, त्यातल्या एका दाढीवाल्या उचापत्या माणसाची मजेदार थट्टा ‘कॅरी’ या गाण्यात आहे. दुःखाच्या गाण्यांत ही अशी उन्हाची गाणी मुद्दाम ठेवलीत, क्रम ठरवून ठेवलेत. शेवटच्या क्षणी आधीची दोन गाणी काढून तिने पहिलं आणि दहावं गाणं नवीन घातलं, म्हणजे सुरुवात कुठून करायची आणि माणसाला कुठे नेऊन सोडायचं याचा तिने किती विचार केला असेल बघा. म्हणून मध्येच तोडलं की ते तुटतंच. मारवा रागाची बढत चाललेली असताना खाँसाहेबांना कोणी उठवलं असतं का हो? अमीर खाँसाहेब तर आपल्या इंदूरचे, त्यांचा मारवा आपण याच हॉलमध्ये, याच प्लेअरवर ऐकलाय आणि तेव्हा अध्यक्षकाका, तुम्ही स्वतः दाराशी उभं राहून उशिरा येणाऱ्यांना बाहेर थांबवलं होतं. मला आठवतं. तुम्हालाही आठवत असेल.

आठवं गाणं ‘रिव्हर’. पियानोवर सुरुवातीला जिंगल बेलची चाल येते, शाळेत आपल्या सगळ्या पोरांनी म्हटलेली, पण इथे ती अशी येते की आनंद दुसऱ्यांच्या घरी चाललाय आणि आपण रस्त्यावरून खिडकीकडे बघतोय. नाताळ जवळ आलाय, लोक झाडं तोडून सजवतायत, आणि हिला तिथून निघून जायचंय, नदी गोठलेली असती तर बर्फावरून घसरत लांब निघून गेले असते म्हणते. आई कागदावर बोट ठेवून होती. मला हळूच म्हणाली, ‘मला तर उलटं वाटायचं. परत जावं, परत ग्वाल्हेरला जावं, असंच वाटायचं.’

पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा ती हे वाक्य बोलली. मी काही म्हणणार तेवढ्यात दार उघडलं आणि सगळ्या ट्यूब लागल्या.

डेकोरेशनवाले आले होते, शिडी घेऊन, दुसऱ्या दिवशी हळदीचा कार्यक्रम होता म्हणे. त्यांच्याबरोबर कार्यकारिणीतले एक दादा होते, ते मोठ्याने म्हणाले, ‘चला, आवरा आता, बालवाडीतली गाणी घरी ऐका.’ आमची वेळ साडेसहा ते आठ. तेव्हा सात वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. अण्णांनी सुई उचलली कारण शिडी स्पीकरच्या वायरीवर आली होती. आणि त्या टळटळीत उजेडात एकतीस माणसं बसलेली, कोणाचे डोळे ओले, कोणी मान खाली घातलेली, तळ्यातून एकदम बाहेर काढल्यासारखी. आईने पदर तोंडावर घेतला. ब्याऐंशी वर्षांची बाई, तिच्यावर चोरी करताना पकडल्यासारखी तोंड लपवायची पाळी आली, आपल्या मंडळात, जिथे ती पन्नास वर्षं हळदीकुंकवाला येते.

मला राग आहे तो याचा. हॉल भाड्याने द्या, मंडळाचं लाइटबिल भरायला लागतं हे मला कळतं, पाच वर्षं मीच हिशोब लिहिलेत. पण दाराबाहेर थांबून दहा-बारा मिनिटं वाट बघता आली असती. राहिलीच किती होती? आठव्याचं अर्धं, नववं आणि दहावं. अडीच गाणी.

आता तुमचे मुद्दे एकेक करून घेते, कारण सचिवदादा फोनवर जे बोलले ते मी लक्षात ठेवलंय.

तुम्ही म्हणालात परभाषिक. दादा, आपण इंदूरचे मराठी. घरात मराठी बोलतो, ओटल्यावर हिंदी, भाजीवालीशी अर्धं मालवी, ऑफिसात इंग्रजी कागद. होळकरांच्या काळापासून आपली जीभ अशीच आहे आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे, पुण्याहून पाहुणे आले की आपण किती कौतुकाने सांगतो. मग कानालाच एक भाषा का? आणि भाषा कळत नाही म्हणाल तर मी भावार्थ लिहून आणते, बंगाली ऐकलं तेव्हाही आणला होता. आईला ए बी सी डीच्या पुढे इंग्रजी येत नाही. तिला कळलं.

तुम्ही म्हणालात अशी गाणी आपल्या परंपरेत बसत नाहीत. हे ऐकून तर मला रात्रभर झोप नाही लागली. माझी आजी जात्यावर बसून ओव्या म्हणायची, त्यातल्या निम्म्या तिने स्वतः जोडलेल्या. सासर, माहेर, न आलेला भाऊ, गेलेलं मूल, सगळं त्यात. तिला कोणी गीतकार म्हटलं नाही पण स्वतः रचायचं, स्वतः चालीत बसवायचं आणि पहाटे कोणी ऐकत नसताना म्हणायचं, हे आणखी काय असतं? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात. लाखाहून जास्त, आणि त्या बायकांनीच रचलेल्या. आईनेच घरी आल्यावर म्हटलं, ‘ही बाई जात्यावरच्या बाईसारखी गाते, आपलं आपणच.’ आणि आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर देवासला कोण राहत होतं? कुमारजी, म्हणजे गवई कुमार गंधर्व, १९४८ मध्ये क्षय घेऊन मालव्यात आले, डॉक्टरांनी गाणं बंद केलं, काही वर्षं बिछान्यात पडून येणाऱ्याजाणाऱ्या बायकांची मालवी गाणी ऐकत राहिले, आणि उठले तेव्हा स्वतः बंदिशी रचणारा वेगळाच गवई उठला. दुखणं, एकटेपण आणि त्यातून स्वतःचा सूर, हे मालव्याच्या मातीतच आहे. बाहेरून काही आणलं नाही मी.

तुम्ही म्हणालात लोकांना आता हलकंफुलकं हवंय. कराओके ठेवा ना, जरूर ठेवा, मी स्वतः येईन आणि गाईनही. लताबाई ज्या शहरात जन्मल्या तिथे लोकांनी गाऊ नये असं कोण म्हणेल. महिन्यात चार शनिवार असतात, कधी पाच. आम्ही एकच मागतोय. आणि हलकं हवंय म्हणता, तर त्या दिवशी माझ्या शेजारचे काका, ज्यांच्या बायकोला, आमच्या मावशींना, जाऊन दीड वर्ष झालं, ते निघताना मला म्हणाले की आज पहिल्यांदा हलकं वाटलं. मी त्यांच्याच शब्दात लिहितेय.

आणि चौथं, ‘मोबाईलवर ऐकवा की आईंना.’ हे सगळ्यांनीच सांगितलं, प्रेमानेच सांगितलं असेल. मी केलं ते पण. दुसऱ्याच दिवशी लावलं. फुकटचं ॲप, आठव्या गाण्यानंतर बायपासवरच्या प्लॉटची जाहिरात आली, मग ॲपने आपल्या मनाने कोणाचं तरी भलतंच गाणं लावलं. मी पैसे भरून घेतलं, परत लावलं. आईने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली बंद कर. का, तर म्हणाली, ‘घरी नको. घरी सगळे बघतात.’ नातसून चहा विचारते, दाराची बेल वाजते, कुकरची शिट्टी होते, आणि कोणी ना कोणी विचारतंच की आजी काय झालं, डोळ्यात काय गेलं. हॉलमध्ये अंधार असतो आणि शेजारी माणूस असतं, पण ते माणूस काही विचारत नाही. त्या दोन्ही गोष्टी एकत्र दुसरीकडे मिळत नाहीत हो. देवळात नाही, दवाखान्यात नाही, घरात तर नाहीच. मंडळाच्या हॉलमध्ये तिसऱ्या शनिवारी मिळत होत्या, वर्गणी न घेता, एक जाजम आणि दोन डझन खुर्च्यांत.

एक गोष्ट राहिली. तुमच्यातल्या कोणीतरी विचारलं होतं की कोण ही बाई, कोणी ऐकलंय का हिला. जगभरातल्या कलावंतांना आणि जाणकारांना विचारून रोलिंग स्टोन मासिकाने २०२० मध्ये पाचशे अल्बमची यादी काढली त्यात ‘ब्लू’ तिसरा आहे. मला याद्यांचं फार नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणून. मला त्यापेक्षा २०२२ चं जास्त वाटतं. २०१५ मध्ये तिच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुगून जीवावर बेतलं होतं, बोलणं-चालणं परत शिकावं लागलं, आणि २०२२ च्या जुलैत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात ती येऊन खुर्चीत बसली आणि गायली, वय अठ्ठ्याहत्तर. आवाज आता खर्जात गेलाय. त्या दिवशी तिने जी गाणी म्हटली त्यात ‘अ केस ऑफ यू’ होतं, ‘ब्लू’मधलं नववं. म्हणजे ज्या अडीच गाण्यांपर्यंत आपण पोचलोच नाही त्यातलं एक. ती १९४३ ची आहे. माझी आईही १९४३ ची.

आता माझं मागणं, सरळ लिहिते.

तिसरा शनिवार, साडेसहा ते आठ, परत द्या, आणि वर्षाचं कॅलेंडर छापता त्यात तो छापा म्हणजे कोणाला मध्येच बुकिंग देता येणार नाही. भाड्याचं नुकसान होत असेल तर आकडा सांगा, आम्ही एकतीस जण मिळून भरू, मी आजच लिहून देते.

कार्यक्रम चालू असताना दार उघडायचं नाही आणि दिवे लावायचे नाहीत, कार्यकारिणीतलं कोणीही असो. एवढी एक ओळ ठरावात घ्या.

अण्णांचा रेकॉर्ड प्लेअर आणि खोकी स्टोअरमध्येच राहू द्या. अण्णांकडून स्टोअरची चावी परत मागितलीत तेव्हा वॉचमनच्या हाती निरोप पाठवलात, अकरा वर्षं काम केलेल्या माणसाला. चावी त्यांना परत द्या, आणि द्यायला कोणीतरी स्वतः जा. ते रामबागेत दुसऱ्या मजल्यावर राहतात, त्यांना जिना उतरायला त्रास होतो.

गाणं कुठलं ऐकायचं ते ऐकणाऱ्यांना ठरवू द्या. भाषेची अट नको, आनंदाची तर नकोच.

आणि ग्रुपवरचा तो शब्द मागे घ्या. कोणी माफी मागायची गरज नाही, कोणाचं नावही घेऊ नका. फक्त रडगाणं हा शब्द चुकून लिहिला गेला असं एकदा लिहा. आईने तो मेसेज वाचलाय. तिला व्हॉट्सॲप वाचता येतं हे बहुतेक तुमच्या लक्षात आलं नसेल. तिने मला विचारलं नाही की कोणी लिहिलं, फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि आत गेली.

हे झालं की पुढच्या तिसऱ्या शनिवारी या. सगळे या, अंगठेवाले अकरा जण पण या, मी प्रत्येकासाठी कागदाची झेरॉक्स काढून ठेवलीय. छत्तीस मिनिटं बसा. नाही आवडलं तर नंतर मला तोंडावर सांगा, मी ऐकून घेईन, आणि छप्पन दुकानवर, आपल्या खाऊगल्लीत, नेऊन शिकंजीही पाजीन.

बहीणही येणार आहे ग्वाल्हेरहून. तिने स्वतःहून विचारलं की काकूंबरोबर बसून ऐकलं तर चालेल का. मी तिला तारीख देऊ शकले नाही, म्हणून लवकर कळवा.

आईने तिचा कागद आठ घड्या घालून पाकिटात ठेवलाय. आठव्या गाण्याच्या मध्ये, जिथे दिवे लागले तिथे, बॉलपेनने एक रेघ मारलीय. परवा मी विचारलं, आई, हॉल मिळाला तर या रेघेपासून पुढे लावायला सांगू का अण्णांना, तर म्हणाली, ‘नाही. पहिल्यापासून.’

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद, सुदामानगर, इंदूर